एका वर्षासाठी घेतलेला माणूस

मी दिवसभर कोड लिहितो आणि पहाटे उठून एनबीए बघतो, हे तुम्हाला आता माहीत झालंय. आज मात्र खेळापेक्षा खेळाडूंच्या सौद्याबद्दल बोलायचंय. शेवटी माझं स्वतःचं एक जुनं प्रकरण आहे, तेही सांगतो.

आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईकडे आला, तो ट्रेड. एनबीएत हे सतत चालतं. एक मोठा फरक म्हणजे पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघाला ट्रेडमध्ये जेवढा पगार घ्यायचा, साधारण तेवढाच द्यावा लागतो. म्हणजे मोठा खेळाडू हवा असेल तर आपलाही एखादा जड पगाराचा माणूस सोडावा लागतो. आणि करार संपला की खेळाडू फ्री एजंट होतो. मग तो कुठेही जाऊ शकतो आणि जुन्या संघाच्या हातात काही उरत नाही.

आता २०१८ चा उन्हाळा. टोरोंटो रॅप्टर्सनी त्या मोसमात ५९ सामने जिंकले होते. पण प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडनं त्यांना सलग तिसऱ्या वर्षी घरी पाठवलं, तेही ४-० असं. संघाचे प्रेसिडेंट मसाई उजिरी. त्यांच्यापुढे प्रश्न असा की संघ चांगला आहे, पण यापुढे जात नाही. काय करायचं?

तिकडे सॅन अँटोनिओत कवाय लेनर्ड नाराज होता. २०१४ च्या फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू, पण दुखापतीमुळे त्या मोसमात फक्त ९ सामने खेळलेला. करारातलं एकच वर्ष पक्कं, त्यानंतर तो मोकळा होऊ शकत होता. शिवाय त्याला लॉस एंजेलिसला जायचंय, अशा बातम्या सगळीकडे होत्या. आता तुम्ही दुसऱ्या संघाचे जीएम आहात असं समजा. पाय बरा झालाय की नाही माहीत नाही, आणि बरा झाला तरी वर्षभरात माणूस जाणार. किती किंमत द्याल?

नेमकी हीच गंमत आहे. सगळे घाबरले म्हणूनच किंमत उतरली. १८ जुलै २०१८ ला रॅप्टर्सनी डेमार डीरोझन, याकोब पोल्टल आणि अटी घातलेला एक पहिल्या फेरीचा पिक दिला. त्या बदल्यात लेनर्ड आणि डॅनी ग्रीन घेतले. पास्कल सियाकम आणि ओजी अनुनोबी ही तरणी पोरं हातात राहिली. जो धोका सगळ्यांना दिसत होता, तोच यांनी सवलतीत विकत घेतला.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. फिलाडेल्फियाविरुद्ध सातवा सामना, ९०-९० बरोबरी, शेवटच्या क्षणी कवायचा कोपऱ्यातून फटका. चेंडू रिंगवर चार वेळा उडाला आणि आत पडला. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. मी हॉस्टेलच्या खोलीत इतका ओरडलो की शेजारचे दार ठोकायला आले. पुढे फायनलमध्ये वॉरियर्सचे ड्युरँट आणि थॉम्पसन जायबंदी झाले आणि रॅप्टर्स ४-२ नं जिंकले. अमेरिकेबाहेरच्या संघाचं ते पहिलं विजेतेपद. महिन्याभरात, जुलैमध्ये, कवाय क्लिपर्सकडे गेला. रॅप्टर्सना बदल्यात शून्य.

मग हा जुगार बरोबर होता का? बहुतेक जण म्हणतात, ट्रॉफी आली, विषय संपला. माझ्यातल्या इंजिनिअरला हे पटत नाही. चौथ्या टप्प्यानंतर चेंडू बाहेर पडला असता तर सामना ओव्हरटाइमला गेला असता आणि कदाचित हरलाही असता. पण जुलैमधला निर्णय तर तोच राहिला असता ना? प्रॉडक्शनला बग आला नाही म्हणजे टेस्टिंग केलं होतं, असं आपण म्हणतो का?

उलट बाजू बघा. कवायला आणण्यासाठी क्लिपर्सना पॉल जॉर्जही आणावा लागला. त्यासाठी त्यांनी ओक्लाहोमा सिटीला शे गिलजस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन पिक-अदलाबदलीचे हक्क दिले. २०२४ मध्ये जॉर्ज फ्री एजंट होऊन निघून गेला. त्यातल्याच एका पिकवर ओक्लाहोमानं जेलन विल्यम्स घेतला आणि २०२५ मध्ये शे आणि जेलनच्या जोरावर ते विजेते झाले. दोन्ही संघ जुगारच खेळले. पण हरलो तर काय काय जाईल, हे टोरोंटोनं आधी मोजलं होतं.

आता मोजताना सुटलेली गोष्ट. डीरोझन टोरोंटोत नऊ मोसम खेळला. २०१६ मध्ये फ्री एजंट असताना दुसऱ्या संघांशी न बोलता त्यानं तिथंच सही केली. आपल्याला ट्रेड करणार नाहीत असाच त्याचा समज होता. नंतर उजिरींनी जाहीरपणे त्याची माफी मागितली. सौदा चुकला म्हणून ती माफी नव्हती. बोलण्यात अंतर राहिलं, त्याची ती होती.

इथं माझं प्रकरण येतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक मित्र होता. शांत, वेळेवर काम देणारा. आम्हाला एका कामासाठी अनुभवी माणूस मिळत होता, पण जागा एकच. मी मित्राचं नाव दुसऱ्या प्रोजेक्टसाठी दिलं. नवा माणूस सहा महिन्यांत सोडून गेला, पण काम झालं. आजही तोच निर्णय घेईन. फक्त मित्राला ते मेलवरून कळलं. आदल्या संध्याकाळी आम्ही टपरीवर एकत्र चहा प्यायलो होतो आणि मला सगळं माहीत होतं.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मी स्वतःला सांगत राहिलो, निर्णय तर बरोबर होता ना!

हा भाग लिहिताना मागच्या आठवड्यात त्याला फोन केला. माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "प्रोजेक्ट बदलल्याचं काही नाही रे. त्या दिवशी चहाचे पैसे मी दिले होते."

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. पुढच्या शनिवारी भेटायचं ठरलंय. चहा माझ्याकडून.

चला, भेटू पुढच्या भागात.