ढोरांचा डॉक्टर



"मेडिकलला नंबर लागला नाही, म्हणून ढोरांचा डॉक्टर झाला," असं सिल्लोडमध्ये अनेकांनी म्हटलं. खरं कारण आज सांगतो.

आपण दहावीत असताना आमची म्हैस विताना अडली. गर्भाशयाला पीळ पडला होता, हे कुणालाच कळलं नाही. म्हैस गेली आणि दुधाच्या पैशावर चालणारं माझ्या बहिणीचं शिक्षण थांबलं.

१९७२ साली सुरू झालेल्या परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी पदवी घेतली. पुढची दोन वर्षं पशुप्रजनन आणि प्रसूतिशास्त्रात एम.व्ही.एस्सी. केली. तिथे शिकलो, की आधी हात घालून पिळाची दिशा ओळखायची. पीळ ज्या बाजूचा, त्या कुशीवर म्हैस पाडायची, पोटावर फळी दाबून धरायची आणि त्याच दिशेने तिला लोळवायचं. उलट लोळवलं तर पीळ आणखी घट्ट होतो. वेळेत गेलो, तर पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय काम भागतं.

पहिला पीळ सुटला, त्या रात्री बहिणीला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रेडकू उभं राहिलं का रे?"

राहिलं होतं.

ढोरांचाच डॉक्टर आहे मी. अडल्या वेळी रात्री-अपरात्री हाक मारा.