उपग्रहाचा आकडा आणि शेतकऱ्याचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



पिकांची आकडेवारी हा सरकारी कपाटातला विषय आहे असे समजून आपली चळवळ पुष्कळदा त्याकडे पाठ फिरवते. वस्तुतः धान्य आयात करायचे की नाही, दुष्काळ जाहीर व्हायचा की नाही, विम्याची भरपाई कोणाला मिळायची, हे सारे याच आकड्यांवर ठरते. म्हणून आकडा कोण काढतो आणि तो तपासण्याचा अधिकार कोणाला आहे, हा राजकीय प्रश्न आहे.

1972 साली सोव्हिएत रशियाने अमेरिकेकडून प्रचंड गहू खरेदी केला आणि जगभर भाव भडकले. त्यानंतर 1974 मध्ये अमेरिकेने परदेशांतील गव्हाचा अंदाज उपग्रहाद्वारे बांधण्याचा मोठा प्रयोग हाती घेतला. दुसऱ्याच्या शेतातील पीक घरबसल्या मोजता येणे ही एक सत्ताच आहे. भारताने 1988 मध्ये आयआरएस-1ए हा आपला दूरसंवेदन उपग्रह अवकाशात धाडला, त्याचे मोल यासाठी मोठे आहे.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त किरण परत फेकते. या दोहोंच्या प्रमाणावरून पिकाचा जोम कळतो. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत लहान चौकोन 10 मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे एक गुंठा असतो. एवढे बारीक पाहणारे हे यंत्र गावच्या पुढाऱ्याचे मिंधे नसते. आपण त्याला विरोध करण्याचे कारण नाही.

परंतु त्याच्या मर्यादा कोरडवाहू शेतकऱ्याच्याच मुळावर येतात. खरिपात ढग आड येतात. रडार ढगांपलीकडे पाहते, पण सोयाबीनमधील तुरीच्या ओळी वेगळ्या ओळखणे अवघडच राहते. शिवाय शेंगा न भरलेले सोयाबीनही वरून हिरवेगार दिसते. आणि शेतकऱ्याचे पोट पाल्यावर नव्हे, दाण्यावर भरते.

दाणा मोजण्याची रीत आपल्याकडे आहे. सातारा जिल्ह्यातील बुधचे सुपुत्र पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीक कापणी प्रयोगांना नमुना पाहणीचे शास्त्रशुद्ध रूप दिले. यदृच्छेने निवडलेल्या शेतात चौकोन आखून तेथील पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. या प्रयोगांत विलंब होतो, कधी ते कागदावरच उरकले जातात, हे खरे. पण तराजू गावाच्या डोळ्यांसमोर असतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत 2023 च्या खरिपापासून भात व गहू यांच्या उत्पादनात तंत्राधारित अंदाजाला किमान 30 टक्के भार देण्याचे ठरले. तो अंदाज मात्र संगणकाच्या पोटात तयार होतो. तेथे साक्षीदार कोण?

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात. महसूल मंडळनिहाय अंदाज आणि तो काढण्याची पद्धत भरपाई ठरण्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावी. कापणी प्रयोगांची पूर्वसूचना ग्रामसभेला मिळावी. उपग्रह व तराजू यांत मोठी तफावत पडल्यास शेतात जाऊन फेरतपासणी व्हावी.

सेंटिनेलची चित्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्या महाविद्यालयीन तरुणांनी ती वाचायला शिकावे आणि आपल्या मंडळाचा आकडा स्वतः पडताळावा. विज्ञान लोकांच्या हाती देणे याचा अर्थ हाच आहे.