दिवाणखान्यांतील आवाज

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत औंध नांवाचें गांव आहे. पुण्याला लागून असलेलें औंध तें निराळें. हें यमाईचें औंध, एके काळच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी. डोंगरावर देवीचें मंदिर, त्याच डोंगराच्या अंगावर श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं उभारलेलें संग्रहालय, आणि पायथ्याशीं जुन्या घरांची वस्ती. या गांवाला डोळा आहे तसा कानहि आहे. गायनाचार्य अंतुबुवा जोशी यांनीं आपले गुरु शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० सालीं येथें संगीताचा उत्सव सुरू केला. पुढें त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनीं तो चालविला, आणि आश्विन वद्य पंचमीचा तो उत्सव गांवानें अजून सोडलेला नाहीं. अशा गांवांत आवाजाची हेळसांड झाली तर ती फार दिवस खपत नाहीं.

तेथील एका घराची ही हकीकत आहे. घर जुनें, भिंती दोन हात जाड, पुढें प्रशस्त सोपा. घरांत अण्णा म्हणून ओळखले जाणारे वृद्ध गृहस्थ, त्यांचे चिरंजीव, सून व सहा वर्षांचा नातू. चिरंजीव पुण्यास नोकरीला होते. संगणकावर घरूनच काम करण्याची सोय झाल्यावर ते सहकुटुंब गांवीं परतले, आणि त्यांनीं प्रथम सोपा हातीं घेतला. त्या सोप्यांत काय नव्हतें? गाद्या, लोड, तक्के, सतरंज्या, दांडीवर टाकलेलीं घोंगडीं, फडताळांतील पोथ्या, तसबिरींची रांग, दारांना जाड पडदे. हें सारें निघालें. भिंतींतील कोनाडे विटांनीं बुजविले गेले, वरून पांढरा गिलावा झाला, खालीं चकचकीत फरशी आली, एका बाजूस जमिनीपर्यंत पोहोंचणारी कांच आली. उरली काय, तर एक बुटकी बैठक, एक लांब लाकडी बाक आणि त्यावरच्या भिंतीला टी. व्ही.चा मोठा सपाट पडदा. शहरांत या रीतीला आजकाल 'मिनिमलिस्ट' म्हणतात. रीति वाईट नाहीं. मोजक्या सामानाची खोली आणि ओकीबोकी खोली यांतला फरक सूनबाईंना चांगला ठाऊक होता, आणि सोपा खरोखरच सुंदर दिसूं लागला.

प्रश्न आला तो स्पीकरांचा. चोहों बाजूंनीं ध्वनि ऐकविण्याची कल्पना नवी नव्हे. वॉल्ट डिस्ने यांनीं 'फँटेशिया' या चित्रपटासाठीं १९४० सालींच ती थिएटरांत करून पाहिली होती. आतां ती घरोघर आली आहे. समोर डावीकडे एक, उजवीकडे एक, मध्यें एक, मागें दोन, आणि खर्जासाठीं सबवूफर नांवाचा सहावा. इतकीं खोकीं मोकळ्या पांढर्‍या खोलींत उभीं राहिलीं तर मोकळेपणा संपलाच. चिरंजीवांनीं तोड काढली. पांचहि स्पीकर छताच्या गिलाव्यांत बसविले, त्यांवर पांढर्‍या जाळ्या लावल्या, सहावा कोपर्‍यांत पडद्याआड सारला. कोठेंहि कांहीं दिसेना.

पहिल्या रात्रीं सर्व मंडळी चित्रपट पाहावयास बसली. थोड्या वेळानें अण्णा म्हणाले, "अरे, आवाज येतो, पण शब्द येत नाहीं." चिरंजीवांनीं आवाज वाढविला. "आतां आवाज फार येतो," अण्णा म्हणाले, "शब्द अजून येत नाहीं." दुसर्‍या दिवशीं असेंच झालें. चौथ्या दिवशीं अण्णा आपला खिशांतला रेडिओ घेऊन मागच्या पडवींत जाऊन बसले, आणि पुढें दोन महिने संध्याकाळीं ते सोप्यांत आले नाहींत. सूनबाई बोलवावयास गेल्या कीं ते म्हणत, "तुम्ही पाहा, मला येथें बरें आहे." घरांत भांडण झालें नाहीं, पण संध्याकाळचें जेवण आणि निजणें यांमधला जो एक तास घरांतील सर्व माणसें एकत्र काढीत, तो गेला.

अण्णांच्या कानांना दोष देणें सोपें होतें, आणि तो थोडासा होताहि. वय वाढतें तसे प्रथम वरच्या पट्टीचे आवाज ऐकूं येईनासे होतात. पण हेच अण्णा उत्सवांत पुढें बसून बंदिशीचा शब्दन् शब्द टिपीत, याचें उत्तर त्यांत नव्हतें. शब्दांतील आ, ई, ओ हे स्वर भरदार असतात. त्याला अर्थ देणारीं व्यंजनें, विशेषतः स, श, त, च, हीं फार हलकीं आणि वरच्या पट्टीचीं असतात. खोली घुमत असली कीं मागल्या अक्षरांतला आकार हवेंत रेंगाळत राहतो आणि पुढल्या अक्षरांतला त किंवा स त्याच्याखालीं दडपून जातो. तरुण कान अदमासानें तें भरून काढतो. म्हातार्‍या कानाला तें साधत नाहीं. आवाज वाढविला तर शब्द वाढतो तसा घुमाराहि वाढतो. चिरंजीवांनीं केलेला उपाय म्हणूनच व्यर्थ गेला.

या घुमार्‍याचें गणित अमेरिकेंत एका संग्रहालयांतच जन्मलें आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयांतील व्याख्यानगृहांत बोललेला शब्द साडेपांच सेकंद घुमत राही, आणि व्याख्यान कोणालाच कळत नसे. १८९५ सालीं हें दुखणें वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे सोंपविण्यांत आलें. त्यांनीं जवळच्या एका नाट्यगृहांतील बांकांवरच्या गाद्या रात्रीं आणवाव्यात, एकेक गादी मांडून घुमारा किती सेकंद टिकतो तें मोजावें, आणि पहाटेपूर्वीं गाद्या परत पाठवाव्यात, असा क्रम चालविला. आपल्या घरांतील गादी-लोडांनीं हेंच काम शतकानुशतकें न सांगतां केलेलें आहे.

सेबाइन यांनीं काढलेला नियम शाळेंतल्या मुलालाहि करतां येईल इतका सुलभ आहे. उघड्या खिडकींतून गेलेला आवाज परत येत नाहीं. म्हणून उघडी खिडकी हें शोषणाचें माप. खोलीचें घनफळ घनफुटांत घ्यावें, त्याला शोषणाच्या चौरस फुटांनीं भागावें, आणि आलेल्या भागाकाराला पुन्हां विसानें भागावें. हा सोपा पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच. घनफळ १,८०० घनफूट. छत, जमीन व भिंती मिळून ९०० चौरस फूट. गिलावा, फरशी, कांच हीं सरासरीनें शेंकडा पांच आवाज गिळतात असें धरलें, तर ४५ चौरस फूट खिडकी उघडी आहे असें झालें. हिशेब करतां उत्तर येतें दोन सेकंद. साधें बोलतांना दोन सेकंदांत आठ-दहा अक्षरें होतात. तीं सर्व एकमेकांच्या पाठीवर चढलेलीं. बोलणें स्वच्छ कळण्यास हा काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणावा लागतो. तेव्हां स्पीकर कोठें लपवावेत हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, जें काढून टाकलें त्याचें काम आतां कोणी करावयाचें, हा आहे.

जुन्या औंध संस्थानांत आटपाडीचा मुलूखहि होता. तो आतां सांगली जिल्ह्यांत आहे. तो सारा माणदेश मेंढ्यांचा आणि घोंगड्यांचा. घोंगडें जाड, लोकरीचें आणि सच्छिद्र असतें, व ध्वनि गिळण्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं. मात्र तें भिंतीला चिकटवून लावूं नये. भिंतीला टेकलेल्या ठिकाणीं हवेची हालचाल जवळजवळ नसते, त्यामुळें लोकरीला गिळावयास कांहीं मिळत नाहीं. भिंतीपासून चार बोटें पुढें, लांकडी चौकटीवर ताणून तें बसविलें, म्हणजे व्यंजनांच्या पट्टींतला आवाज त्यांत चांगला जिरतो. सूनबाईंनीं प्रथम नाक मुरडलें. "एवढ्या खटपटीनें काढलेलीं घोंगडीं पुन्हां भिंतीवर?" पण त्यांनींच मग पडद्यासमोरच्या भिंतीवर सारख्या मापाच्या तीन काळ्या चौकटी लावल्या व त्या भिंतीवर दुसरें कांहींएक ठेवलें नाहीं. पांढर्‍या भिंतीवरची ती काळी लोकर आतां त्या खोलीचें भूषण आहे. घोंगड्यांनीं सुमारें ५० चौरस फूट दिले, कांचेपुढील जाड पडद्यानें ४०, जमिनीवरच्या लोकरी गालिच्यानें २५. पूर्वींचे ४५ मिळून १६०. दोन सेकंदांचा घुमारा अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक एवढा उरला.

मग स्पीकर. यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुष्कळशी चूक टळते. ध्वनि सेकंदास सुमारें १,१२५ फूट जातो. सेकंदास ८० आंदोलनें असलेल्या खर्जाची लाट त्यामुळें चौदा फूट लांब असते. ८,००० आंदोलनांच्या सीत्काराची लाट पावणेदोन इंचांहूनहि कमी. चौदा फुटांची लाट बैठकीला, बाकाला, माणसाला वळसा घालून निघून जाते, आणि ती कोणत्या दिशेनें आली हें कानाला सांगतां येत नाहीं. म्हणून खर्जाचा स्पीकर खुशाल लपवावा. बारीक लाट मात्र वाटेंत लांकूड आलें कीं अडते. तिला कानापर्यंत सरळ वाट हवी. तिच्यापुढें फार तर विरळ कापड चालेल.

छतांतला मधला स्पीकर म्हणून प्रथम खालीं आला. चित्रपटांतील बहुतेक संभाषण त्याच्यांतूनच येतें. नट समोर बोलतो आहे आणि शब्द डोक्यावरून पडतो आहे, ही विसंगति तरुणाला गंमत वाटते, वृद्धाला थकविते. पडद्याखालच्या लाकडी बाकाचा दर्शनी भाग कापून तेथें तो बसविला, तोंड किंचित वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे. बाकी चारांसाठीं घरानेंच जागा ठेवलेली होती. बुजविलेले कोनाडे पुन्हां उघडण्यांत आले. परदेशी नियतकालिकांत भिंतींत गडप झालेले स्पीकर दाखवितात, पण तिकडील भिंती लांकडी सांगाड्यावर तक्ते ठोकलेल्या, आंतून पोकळ असतात. आपल्या दगडविटांच्या भिंतींत तसें करावयाचें तर छिन्नीहातोडी आली. कोनाडा म्हणजे आयती पोकळी. नुसत्या कोनाड्यांत मात्र स्पीकर ठेवला कीं तो मडक्यांत तोंड घालून बोलल्यासारखा बोलतो. स्पीकराचें तोंड कोनाड्याच्या कडेशीं आणून भोंवतालची जागा लोकरीच्या चिंध्यांनीं ठासून भरली, तेव्हां तो दोष गेला. वर खादीच्या पातळ कापडाची चौकट, भिंतीच्याच रंगाची, लोहचुंबकानें बसणारी. कापड निवडण्याची परीक्षा सोपी आहे: तें तोंडाशीं धरून फुंकावें; फुंकर पलीकडे सहज गेली तर ध्वनिहि जाईल.

जागांचा नियम असा कीं बसणारा आणि समोरचे दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि मागचे दोन कानांच्या रेषेच्या थोडे मागें, डोक्याहून हात-दीड हात वर असावेत. कोनाडे अगदीं नेमक्या जागीं नव्हते. एक वीतभर पुढें होता. त्यानें कांहीं अडलें नाहीं. यंत्राला प्रत्येक स्पीकराचें अंतर टेपानें मोजून सांगितलें कीं तें जवळच्या स्पीकराला फुटागणिक जवळजवळ एक सहस्रांश सेकंद थांबवितें. हें करावेंच, कारण जो आवाज आधीं पोहोंचतो त्याच दिशेला कान सर्व श्रेय देऊन टाकतो.

खर्जाच्या स्पीकरासाठीं जागा शोधण्याची रीति गमतीची आहे. तो स्पीकर माणसाच्या बसण्याच्या जागीं ठेवावा, एखादी खर्जाची चीज लावावी, आणि आपण जमिनीलगत कान नेऊन भिंतीकडेनें रांगत जावें. जेथें खर्ज सारखा, न फुगतां ऐकूं येतो, तेथें स्पीकर ठेवावा. औंधच्या घरांत हें काम नातवानें केलें. कोपर्‍यांत खर्ज ढोलासारखा फुगे. बैठकीच्या मागें, भिंतीच्या तिसर्‍या हिश्श्याशीं तो बरा लागला. बैठकीमागें असल्यामुळें तो दिसतहि नाहीं.

तारांविषयीं एवढेंच सांगावयाचें कीं गिलाव्यापूर्वीं नळ्या घालून ठेवाव्यात, आणि 'बिनतारी' या शब्दावर फार विसंबूं नये. बिनतारी स्पीकरालाहि विजेची तार लागतेच. फक्त ती दुसरीकडून येते.

अण्णा पुन्हां सोप्यांत कसे आले याचा समारंभ झाला नाहीं. एका संध्याकाळीं नाटकाचें चित्रीकरण लागलें होतें. पडवींतून त्यांना एका पात्राचें वाक्य स्पष्ट ऐकूं आलें, आणि पुढचें वाक्य ऐकण्यासाठीं ते दारापर्यंत आले. मग बसले. कानाचें यंत्र घेण्याचा विचार मात्र चिरंजीवांनीं सोडला नाहीं, आणि तें त्यांनीं योग्यच केलें. खोली नीट झाली म्हणून कान तरुण होत नाहींत.

पुढच्या दसर्‍याला घराला रंग दिला. दुसर्‍याच दिवशीं अण्णांनीं तक्रार केली कीं शब्द पुन्हां बुजले. चिरंजीवांनीं यंत्र तपासलें, अंतरें पुन्हां मोजलीं. सर्व जेथल्या तेथें होतें. शेवटीं नातवानें बाकावरची चौकट काढून तोंडाशीं धरली आणि फुंकर मारली. ती पलीकडे गेली नाहीं. रंगार्‍यानें प्रामाणिकपणें भिंतीबरोबर बाकालाहि पांढरा रंग दिला होता, आणि खादीवर त्याचे दोन हात चढविले होते. नवी खादी आणावी लागली. सव्वा वार पुरली.