पात्रता कोणती आणि कोणासाठी?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला प्रश्न सरळ आहे: करिअर बदलायचे तर वित्तक्षेत्रातली व्यावसायिक पात्रता कामाला येते का? हा प्रश्न आज घरोघरी आहे. कोणाचा मुलगा चाकणच्या कारखान्यात आठ वर्षे काढून 'आता मार्केटच्या बाजूला जायचंय' म्हणतो. कोणाची सून आयटीतले टेस्टिंग सोडून सीएफएला बसायचे म्हणते. घरातले वडीलधारे विचारतात, 'हे झालं की नोकरी लागते ना?' क्लासवाले ठासून 'हो' म्हणतात. त्यांचे पोट त्यावर आहे. माझे नाही, म्हणून मी जरा सावकाश उत्तर देतो.

सीए, सीएफए, एफआरएम, एनआयएसएम ही सगळी नावे आपण एका दमात घेतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. यातल्या काही पात्रता परवाने आहेत, काही नुसती प्रमाणपत्रे. सनदी लेखापालांची संस्था १९४९च्या कायद्याने उभी राहिली. कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण सीएनेच करायचे, हे कायद्यातच लिहिलेले आहे. दुसरा कोणी कितीही हुशार असला तरी त्या अहवालावर त्याची सही चालत नाही. म्युच्युअल फंड वितरक व्हायचे तर साधारणपणे एनआयएसएमची ठरलेली परीक्षा आणि मग फंड कंपन्यांच्या ‘ॲम्फी’ या संघटनेचा एआरएन हा नोंदणी क्रमांक लागतो. ही एनआयएसएम म्हणजे सेबीने स्थापन केलेली संस्था, आपल्याच रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. परीक्षा छोटी, फी आवाक्यातली; पण ती नसेल तर धंद्याचे दारच बंद.

सीएफएचे तसे नाही. डॉक्टरांना परीक्षा असते, मग लोकांच्या पैशाबद्दल सल्ला देणाऱ्या विश्लेषकांना का नसावी, असा आग्रह वॉरन बफेट यांचे गुरू बेंजामिन ग्रॅहम यांनी १९४०च्या दशकात अमेरिकेत धरला. पहिली परीक्षा व्हायला १९६३ साल उजाडले. आज तिला जगभर मान आहे, पण तिच्यामुळे भारतात कोणतेही काम तुमच्यासाठी राखीव होत नाही. तिन्ही लेव्हल पास झालात तरी नावापुढे ती तीन अक्षरे लगेच लावता येत नाहीत. त्यासाठी गुंतवणुकीच्या निर्णयांशी निगडित कामाचा ४,००० तासांचा अनुभव लागतो, तोही किमान ३६ महिन्यांचा. म्हणजे नुसती परीक्षा पुरेशी नाही, हे परीक्षा घेणारी संस्थाच सांगते. क्लासच्या जाहिरातीत मात्र हे वाक्य फार बारीक टाइपात असते.

मग परवाना नसलेल्या प्रमाणपत्राला मालक किंमत का देतो? मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये याची चांगली उकल केली. पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. उमेदवाराच्या अंगात काय आहे हे मालकाला दिसत नाही. म्हणून तो अशी खूण शोधतो, जी मिळवणे लायक माणसाला जमते आणि नालायकाला फार महाग पडते. ऑफिस सांभाळून, लग्नकार्ये चुकवून पुस्तकाला चिकटून बसलेला माणूस चिकाटीचा असणार, एवढे त्या खुणेवरून कळते.

तेविसाव्या वर्षी बायोडेटात दुसरे काही नसतेच, त्यामुळे ही खूण उठून दिसते. पस्तिशीत तसे होत नाही. समोरचा प्रमाणपत्रावर एक नजर टाकतो आणि विचारतो, 'गेली बारा वर्षं काय केलंत?' तिथे पुष्कळजण चुकतात. जुन्या नोकरीबद्दल ओशाळल्यासारखे बोलतात, दोन वाक्यांत ती गुंडाळतात आणि पाठ केलेली सूत्रे म्हणायला लागतात. सूत्रे येणारी ताजी पोरे त्या मालकाला निम्म्या पगारात मिळतात. तुमच्याकडची बारा वर्षे मात्र त्या पोरांकडे नाहीत.

एक उदाहरण मांडून दाखवतो. समजा, एका औषध कंपनीची विक्री वर्षभरात १०० कोटींवरून १२० कोटींवर गेली. बातमी येते, 'विक्रीत २० टक्के वाढ'. आता ताळेबंदातली येणी पाहा. ती २० कोटींची ३६ कोटी झाली आहेत. पूर्वी सरासरी ७३ दिवसांत वसूल होणारा पैसा आता ११० दिवस अडकतो. सीएफएचा अभ्यास केलेला कोणीही हे गणित करील आणि शेजारी लाल खूण करील. पण असे का झाले? दहा वर्षे एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून बॅग घेऊन फिरलेल्या माणसाला हे चटकन कळते. मार्चएंडला टार्गेट पुरे करायला स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारलेला असणार. आता कुठल्या स्टॉकिस्टला फोन करून गोडाऊनमध्ये किती महिन्यांचा माल पडून आहे हे विचारायचे, तेही त्याला ठाऊक असते. एप्रिल-मेमध्ये किती माल परत येईल, याचा अंदाज तो बांधतो. त्याला एकच गोष्ट येत नव्हती: जे कळते ते आकड्यांत मांडून गुंतवणूकदाराला पटवणे. ती उणीव सीएफएने भरून निघते. अशा माणसाच्या बाबतीत ही पात्रता सोन्यासारखी आहे, कारण ती त्याच्या जुन्या अनुभवाला जोडली गेली.

हेच सूत्र इतरांना लावून पाहा. रस्त्यांच्या आणि पुलांच्या कामांवर घडलेल्या सिव्हिल इंजिनिअरला बँकेच्या प्रोजेक्ट फायनान्समध्ये जागा आहे, कारण काम खरोखर किती टक्के झाले हे साइटवर उभे राहून सांगणारा माणूस कर्ज देणाऱ्यांना हवाच असतो. पुण्यात खराडी-मगरपट्ट्याकडे परदेशी बँकांची मोठी केंद्रे आहेत. आयटीतल्या मुलीने तिथल्या जोखीम विभागाच्या प्रणालींवर काम धरावे आणि जोडीला एफआरएम ही जोखीम-व्यवस्थापनाची पात्रता मिळवावी. पुढे कंपनी तीच राहील, खाते बदलेल. सगळे सोडून एका उडीत फंड मॅनेजर होण्यापेक्षा हा तिरका रस्ता लांबचा दिसतो, पण मुक्कामाला पोचवतो.

आता खर्चाचे बोलू. सीएफएची संस्थाच एका लेव्हलला सुमारे ३०० तास अभ्यास धरायला सांगते. तीन लेव्हलचे ९०० तास झाले. नोकरी सांभाळून आठवड्याला बारा तास काढलेत तर ७५ आठवडे, तेही एकदाही नापास न होता. पहिल्या लेव्हललाच अलीकडे निम्म्याहून कमी उमेदवार पास होतात. फी डॉलरमध्ये, म्हणजे रुपया घसरला की तीही चढते. सीएचा हिशेब आणखी वेगळा. पदवीधराला थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो, त्यासाठी वाणिज्य शाखेला ५५ टक्के आणि इतरांना ६० टक्के लागतात. पण पुढे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आहे. ती पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ पासून दोन वर्षांची झाली. या काळात पगाराची नोकरी नाही, हातात स्टायपेंड. बाविसाव्या वर्षी हे चालते. घराचा हप्ता आणि मुलांच्या शाळेची फी डोक्यावर असलेल्या माणसाने आधी घरच्यांसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

म्हणून फी भरण्यापूर्वी एक काम करा. आपण ज्या उद्योगात आहात, त्यातल्या तीन कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवरून फुकट उतरवून घ्या. टिपांसकट वाचा. प्रत्येकीवर चार पानी टिपण लिहा: कंपनी पैसा कशी मिळवते, तो कुठे अडकतो, आणि बाहेरच्याला न दिसणारी कोणती गोष्ट तुम्हाला दिसते. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोणाला तरी ते दाखवा. टिपण लिहिताना शनिवार-रविवार कसे गेले हे कळले नाही, तर बेलाशक फॉर्म भरा. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राआधी तेच टिपण पुढे करा. आणि दुसऱ्याच अहवालाला जांभया आल्या, तर बदल करायचा तो नोकरीत करा, क्षेत्रात नको. पात्रता उपयोगी पडते, पण ज्याच्याकडे तिला जोडायला काही आहे त्यालाच. आता प्रश्न विचारा, विशेषतः ज्यांनी फॉर्म आधीच भरला आहे त्यांनी.