चार आठवडे आणि बाकीची वर्षे

(विधी महाविद्यालयांतील विद्यार्थिनींच्या शिबिरात केलेले भाषण)



मी वकील नाही. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतली आणि कच्च्या कैद्यांच्या घरच्या बायकांबरोबर काम करू लागले. तुमच्यापैकी काही जणी या सुट्टीत यूएपीएचे, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे खटले लढवणाऱ्या वकिलांकडे इंटर्नशिपला जाणार आहेत, म्हणून मला बोलावले. जुनी माणसे याला उमेदवारी म्हणत. मला तोच शब्द आवडतो.

बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे ही उमेदवारी करावी लागते; पण एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. ज्या खटल्यात नुसत्या जामिनाला तीन-चार वर्षे लागतात तिथे तुम्ही चार आठवडे जाणार. मग दुसरी येणार, मग तिसरी. आणि प्रत्येक जण मोठ्या आस्थेने त्या घरच्या बाईला समोर बसवून म्हणणार, "ताई, अगदी सुरुवातीपासून सांगा." ती बिचारी सांगते. पोलिस रात्री आले ते, मुले उठून बसली ते, शेजारणीने बोलणे टाकले ते. कितव्यांदा, याचा हिशोब कोणी ठेवत नाही. मला हे बघवत नाही. तेव्हा आधीच्या मुलीने काय लिहून ठेवले आहे ते पहिल्यांदा वाचा. लिहिलेले नसेल तर एकदाच, तिच्या संमतीने, नीट लिहा आणि वकिलांकडे ठेवून जा. स्वतःच्या फोनमध्ये त्यातले काहीही नेऊ नका.

तुम्हाला नागरी स्वातंत्र्यावर मोठे टिपण लिहावेसे वाटेल. जरूर लिहा, पण आधी तारखांचा तक्ता करा. एरवी गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. यूएपीएत सरकारी वकिलाच्या अहवालावर न्यायालय ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते. आरोपपत्र आल्यावर जामीन फार अवघड, कारण आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तरी जामीन नाकारावा असे कायदाच सांगतो. म्हणून ते पहिले दिवस महत्त्वाचे. रिमांड दिला तो दिवस मोजायचा की नाही, यावरसुद्धा वर्षानुवर्षे वाद चालला. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोजायचा असे सांगितले.

ॲड. सुधा भारद्वाज यांचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८मध्ये अटक, आधी नजरकैद, मग तुरुंग. पुण्याच्या सत्र न्यायालयाने आरोपपत्रासाठी मुदत वाढवून दिली. ती देणारे न्यायाधीश विशेष न्यायाधीश म्हणून नेमलेलेच नव्हते, हे माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरांच्या आधारे मांडले गेले. १ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या न्यायालयाला तसा अधिकार नव्हता असे ठरवून त्यांना जामीन दिला. त्याच प्रकरणातल्या आणखी आठ जणांना मात्र तो मिळाला नाही. त्यांनी वेळेत तसा अर्ज केला नव्हता, असे न्यायालय म्हणाले. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणे, रोजनाम्याची नक्कल काढणे, दिवस मोजणे ही कंटाळवाणी कामे उमेदवारांकडेच येतात. त्यांचे वजन किती ते यावरून समजा.

या बायकांकडे एक प्लास्टिकची पिशवी असते. रेशन कार्डाची झेरॉक्स, दवाखान्याची चिठ्ठी, जुना वकालतनामा, त्यातच कुठेतरी अटकेचा पंचनामा. ती पिशवी तिच्यासमोर, तिच्याबरोबर लावा. डी. के. बसू प्रकरणात १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष हवी. पुष्कळदा ती सही हिचीच असते आणि कागदात काय आहे ते तिला कोणी वाचून दाखवलेले नसते. तुम्ही दाखवा, तिला कळेल त्या भाषेत. अटकेची कारणे लेखी दिली होती का, तेही शोधा; मे २०२४मध्ये प्रबीर पुरकायस्थ यांची यूएपीएखालची अटक सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच मुद्द्यावर बेकायदा ठरवली.

घरी तुम्हाला विचारतील, देशाच्या सुरक्षेचे काय? प्रश्न रास्त आहे, त्यावर चिडू नका. ११ जुलै २००६च्या मुंबईच्या रेल्वे स्फोटांत १८०हून अधिक माणसे गेली. २०१५मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यातला एक २०२१मध्येच शिक्षा भोगताना वारला होता. राज्य सरकारने अपील केले. सर्वोच्च न्यायालयाने सुटलेल्यांना परत आत घातले नाही, पण तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. एकोणीस वर्षे त्यांच्या घरच्या बायका तुरुंगाच्या फेऱ्या मारत होत्या. आणि ज्यांची माणसे गाडीत गेली त्या बायकांच्या पदरात तरी काय पडले? कच्चा तपास दोघींनाही फसवतो. वकिलाने पुराव्यातले दोष दाखवणे म्हणजे देशाशी वैर, असे म्हणणाऱ्याला हे सांगून बघा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. तुम्ही किती तारखेला जाणार ते त्या बाईला पहिल्याच भेटीत सांगा. तुमच्यानंतर तिने कोणाला फोन करायचा, ते नाव वकिलांना विचारून मोठ्या अक्षरात लिहून तिच्या पिशवीत ठेवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.