भूक, झोप आणि भोंगा



आपल्याकडे म्हणतात, रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही. पगारवाढ मागणाऱ्यांना ही म्हण कामाची आहे. पण ज्या तान्ह्या बाळावरून ती निघाली, त्याला ती लावू नये. बाळाला भूक लागली की ते आधी चुळबुळ करते, तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवते, मूठ चोखू लागते. रडणे ही त्याची शेवटची खूण. रडून लाल झालेले बाळ धड पितही नाही. दोन घोट घेते, दमते आणि अर्धपोटी झोपी जाते. अर्ध्या तासाने पुन्हा रडते आणि घरातली वडीलधारी बाई म्हणते, “सूनबाई, तुझं दूध पुरत नाही वाटतं त्याला.” पुष्कळ घरांत वरचे दूध शिरते ते याच वाटेने.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हा विषय का घ्यावा, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर आपल्या सोलापुरातच आहे. बाळाने केव्हा प्यावे आणि केव्हा झोपावे हे आई ठरवते, असे आपण समजतो. खरे पाहता आईचे काम ते ठरवीत आले आहे.

१८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी चालू झाली. पुढे आणखी गिरण्या निघाल्या आणि गावाचे उठणे, जेवणे, निजणे भोंग्यावर चालू लागले. गिरणीत बायकाही असत. भोंगा झाला की आईला जावे लागे. पण बाळाच्या पोटाला भोंगा कसा कळावा? मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी करून डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरने १९२२ साली अहवाल दिला. शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद होते. या अफूच्या गोळीला नाव काय, तर ‘बाळगोळी’! १९३१ साली व्हिटली आयोगानेही या गोळ्यांविरुद्ध शिफारस केली.

त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पण त्या निर्दय नव्हत्या. मूल एकटे रडत राहण्यापेक्षा झोपलेले बरे, एवढाच त्यांचा हिशोब होता. तो चुकत होता कुठे, हे समजून घेतले पाहिजे. अफूने झोप लागते, पण भूक भागत नाही. भूक सांगण्याची शक्ती तेवढी जाते. श्वास मंदावतो, पोट बांधले जाते. आणि बाळ पीत नाही म्हणून आईचे दूधही आटते. कारण दुधाचा नियम विहिरीच्या झऱ्यासारखा आहे: उपसा होईल तसे पाणी येते. बाळ जितके ओढील तितके दूध तयार होते. ‘दूध कमी आहे म्हणून वरचे द्या’ हा सल्ला म्हणूनच घातक. वरचे दिले की उपसा कमी, आणि उपसा कमी की दूध खरोखरच कमी.

त्याच काळात शिकलेल्या वर्गात दुसरे एक खूळ आले, ते घड्याळाचे. न्यूझीलंडमधील डॉ. ट्रुबी किंग यांनी १९०७ साली संस्था काढून बालसंगोपनाचा मोठा प्रचार केला. स्वच्छतेविषयी त्यांनी सांगितले ते चांगलेच होते. पण बाळाला चार-चार तासांनी, घड्याळ पाहूनच पाजावे आणि रात्री पाजूच नये, हाही त्यांचा आग्रह होता. गरिबाच्या घरी भोंगा आणि श्रीमंताच्या घरी घड्याळ. बाळाला दोन्हीकडे सारखेच थांबावे लागले.

आज वैद्यकशास्त्र काय सांगते? जन्मल्यापासून तासाच्या आत बाळाला छातीशी घ्यावे. पहिले पिवळसर, दाट दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकू नये. रोगांशी झगडण्याची पहिली शिदोरी तीच. मध, गुळाचे पाणी, गुटी काही नको. मध तर वर्षापर्यंत नकोच. त्यातून एका विषारी रोगाचे जंतू जाण्याचा धोका असतो. सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचे दूध. डॉक्टरने दिलेले औषध तेवढे अपवाद. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा आजीबाई विचारतात, “अगं, घोटभर पाणी तरी दे की!” आजीची माया खरी, पण आईच्या दुधात शंभरात सुमारे अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजावे आणि पाणी आईने प्यावे.

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात चमचाभरच दूध मावते. आठवड्याने अर्धी वाटीही मावत नाही. म्हणून दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. रात्रीचे पाजणे टाळू नये, कारण दूध तयार करणारा आईच्या शरीरातील स्राव रात्री अधिक असतो. पुरेसे मिळते की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसात सहा किंवा अधिक वेळा लघवी होते का आणि वजन वाढते का, एवढे पाहा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, ते दोन आठवड्यांत भरून निघते. पाच-सहा महिन्यांत ते जन्माच्या दुप्पट व्हावे.

आता झोप. नवे बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस कोणता, रात्र कोणती हे त्याला पहिले दोन-तीन महिने कळतच नाही. ते आपण शिकवावयाचे असते. दिवसा उजेडात, माणसांच्या बोलण्यात असू द्यावे. रात्री दिवा मंद, बोलणे हळू, पाजले की लगेच निजवावे. अशाने वळण लागते. निजवताना नेहमी पाठीवर, अंगाखाली घट्ट गादी, तोंडाजवळ गोधडी-उशी नको. पाश्चात्त्य देशांत १९९० नंतर पाठीवर निजवण्याचा प्रचार झाला आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या जवळजवळ निम्मी झाली. लुगड्याच्या झोळीत मूल शांत होते खरे. पण तिच्यात मान वाकून हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो. झोळीत असेल तेव्हा जवळ कोणीतरी जागे असावे.

मात्र जास्त झोपणारे बाळ नेहमी गुणीच असते असे नाही. उठवूनही न उठणारे, पिणे सोडलेले, अंग गार पडलेले वा तापलेले, भराभर श्वास घेणारे बाळ आजारी असते. त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

गिरण्यांचे भोंगे आता थांबले, पण प्रश्न थांबला नाही. तो घरात आला आहे. सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात. मांडीवर सूप, शेजारी बाळ. हजारावर मजुरी, तेव्हा दर वेळच्या पाजण्याला पैशात किंमत मोजावी लागते. कायद्यांनी काही दिले, नाही असे नाही. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. १९४८च्या कारखाना कायद्याने पाळणाघर आणले. १९६१च्या कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईतो पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी दिली. २०१७ साली पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. विडी कामगारांसाठी १९६६ साली वेगळा कायदा झाला, त्यातही पाळणाघर होते. पण काम घराच्या ओट्यावर आले आणि पाळणाघर कारखान्यातच राहिले!

मग ओट्यावरच्या आईने काय करावे? तंबाखूचे सूप बाळापासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवावे. पाजण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, तंबाखूने भरलेले लुगडे बदलावे. घरात कोणी विडी ओढत असेल त्याने बाहेर जावे. बाहेर कामाला जाणारीने निघण्यापूर्वी आणि परतल्याबरोबर पाजावे. मधल्या वेळेसाठी स्वच्छ भांड्यात दूध काढून झाकून गार जागी ठेवावे. ते वाटी-चमच्याने, थोड्या तासांतच संपवावे. आपल्या उन्हात ते लवकर नासते. बाटली नको आणि जुने नळीचे बोंडलेही नको, कारण त्यांच्या कोपऱ्यांत मळ राहतो. सहा महिने पुरे झाल्यावर दुधाबरोबर वरचे अन्न चालू करावे: मऊ खिमट, वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, केळे, चालत असेल तर अंडे. आधी दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. अंगावरचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गात असा एखादा मुलगा वा मुलगी असते, की जी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी गैरहजर राहते. हजेरीपटावर फुली मारण्यापूर्वी त्या घरी एकदा जाऊन या. आशाताई बाळंतिणीकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. त्या येऊन गेल्या का, विचारा. अंगणवाडीत वजन झाले का, पाहा. आणि सासूबाई, आत्याबाई, घरातले बापेमंडळी यांना एकच गोष्ट सांगा: आई पाजावयास बसली की तिच्या हातातले काम दुसऱ्या कोणी तरी उचलावे. कात्री, पाने, भाकरीचे पीठ, काहीही असो. पाजण्याचे काम तिचे एकटीचे; बाकीची सगळी कामे वाटून घेता येतात.