धंद्याची निवड आणि धंदेवाल्याचा पिंड

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सदाशिव पेठेत केलेले भाषण)



'लहान धंदा कसा चालवावा' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. कारण मोठे यश म्हणावे असे आमच्या पदरी काही नाही. याच पेठेतील एका वाड्याच्या तळमजल्यावर आम्ही सतरा वर्षे एक लहानसा छापखाना चालविला, आणि खिळ्यांची छपाई मागे पडल्यावर त्याच जागेत आज मुद्रितशोधनाचे काम करीत आहोत. एवढीच आमची मिळकत. परंतु पहिल्या चार वर्षांत आम्ही जे गमावले, त्याची हकीकत आपल्या तरुण मंडळींच्या उपयोगी पडेल असे चिटणिसांचे म्हणणे पडले, आणि ते आम्हांस नाकारता आले नाही.

१९७८ साली आम्ही नोकरी सोडली. मंडळाच्या निधीतून मिळालेले कर्ज आणि आमच्या कुटुंबाच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केलेले पैसे, एवढ्या भांडवलावर पायाने चालवावयाचे एक जुने ट्रेडल, खिळ्यांच्या काही पेट्या आणि एक कुशल जुळारी अशी सिद्धता झाली. आप्तेष्टांनी एकमुखाने सांगितले की, रोख पैसा मिळतो तो लग्नपत्रिकांत आणि हस्तपत्रकांत. सल्ला खोटा नव्हता. लग्नसराईत वाड्याच्या दारात गिऱ्हाइकांची रांग लागे.

परंतु आमचा स्वभाव काय होता, हे आम्हांस कोणी विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःस विचारले नाही. एखाद्या ओळीतील स्वल्पविराम जागेवर बसल्याखेरीज ती ओळ हातावेगळी करणे आम्हांस जमत नसे. पत्रिकेचे गिऱ्हाईक संध्याकाळी येई आणि सकाळी पत्रिका मागे. काकांचे नाव मामांच्या वर का नाही, यावर एका घरातील तीन माणसे तीन वेळा येऊन जात. भावाची घासाघीस सुरू झाली की आमची जीभ टाळूला चिकटे. काम चोख होई, पण उशिरा होई. १९८१ च्या वैशाखात एका कुटुंबाच्या पत्रिका लग्नाच्या दोनच दिवस आधी त्यांच्या हाती पडल्या. मुलीचे वडील एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी ठरलेले पैसे मेजावर मोजून ठेवले, पत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि ते निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे आम्हांस आजही वाटते. त्या वर्षअखेर हिशेब मांडला तेव्हा कर्ज फिटण्याऐवजी वाढले होते, आणि पाटल्या सोडविण्याची आशा आम्ही मनातल्या मनात सोडली होती.

पुढे १९८२ साली शेजारचे एक वृद्ध प्राध्यापक आपल्या ग्रंथाचे हस्तलिखित घेऊन आले. पानोपानी तळटीपा, मध्ये मध्ये संस्कृत वचने, अवघड जोडाक्षरे. दोन छापखान्यांनी ते काम परत केले होते. त्यांस घाई नव्हती. त्यांस फक्त चुका नको होत्या. आम्ही पाने जुळवून द्यावयाची आणि छपाई मोठ्या यंत्रावर दुसरीकडे व्हावयाची, असे ठरले. काम चार महिने चालले. त्या चार महिन्यांत आम्ही रोज वेळेच्या अर्धा तास आधी कुलूप उघडीत होतो, ही गोष्ट आमच्या नव्हे, आमच्या कुटुंबाच्या ध्यानात आली. तिने विचारले, "हेच काम का करीत नाही?" चार वर्षांत आमच्या धंद्याविषयी विचारला गेलेला हा पहिला शहाणा प्रश्न होय.

आम्ही दारावर पाटी लावली : 'येथे पुस्तकांची जुळणी होईल. दोन मुद्रिते दाखविली जातील. लग्नपत्रिका व घाईचे काम स्वीकारले जात नाही.' पेठेतील पाट्यांची थट्टा आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि काही पाट्या त्या थट्टेस पात्रही असतात. परंतु पाटीत उद्धटपणा नसेल तर तो गिऱ्हाइकाशी केलेला आगाऊ करारच असतो. आम्ही काय देऊ आणि काय देऊ शकणार नाही, हे उंबरठ्याबाहेरच कळले म्हणजे कोणाचीही फसगत होत नाही. गिऱ्हाइके निम्म्याहून कमी झाली. पण जी आली ती परत आली, आणि दुसऱ्यांस घेऊन आली. १९८८ साली मंडळाचे कर्ज फिटले.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. आमच्या जुळाऱ्यास हा बदल मानवला नाही. त्यास गर्दी हवी होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि नाते त्याच्या जिभेवर असे, आणि रात्रीत पत्रिका छापून देण्यात त्यास पराक्रम वाटे. आमचा निरोप घेऊन त्याने दोन गल्ल्या पलीकडे पत्रिकांचाच धंदा मांडला आणि तो आमच्याहून अधिक सुखी झाला. तीच पेठ, तेच खिळे, तीच लग्नसराई. पत्रिकेचा धंदा वाईट नव्हता. तो आमच्या हाती वाईट होता.

बंधूंनो, पूर्वी हा प्रश्नच उद्भवत नसे. कसबा पेठेतील तांबट आळीत जन्मलेल्या मुलाच्या हाती तांब्याचे भांडे आणि हातोडा येई. त्याचा पिंड त्यास अनुकूल आहे की नाही याची चौकशी कोणी करीत नसे. निवड नव्हती, त्यामुळे चुकीच्या निवडीचा दोषही नव्हता. जातीने धंदा ठरविण्याचा तो काळ गेला, आणि गेला हे चांगलेच झाले. परंतु निवडीचे स्वातंत्र्य आले त्याबरोबर स्वतःस ओळखण्याची जबाबदारीही आली, आणि ती आपण पुरतेपणी उचललेली नाही. आजही आपण बाजारात काय खपते एवढेच पाहतो. मोठ्या कारखान्यात एकाच्या स्वभावाची उणीव दुसरा भरून काढतो. लहान धंद्यात मालक हाच यंत्र, हाच कारकून आणि हाच विक्रेता असतो. तोच थकला की भांडवल असूनही दुकान बसते.

किर्लोस्करांचे उदाहरण पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या दृष्टीस नीट कळत नसल्याने त्यांस ती वाट सोडावी लागली. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले तेव्हा लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि बंधू रामूअण्णांनी बेळगावात त्या विकाव्या, अशी वाटणी होती. परंतु लक्ष्मणरावांचा जीव यंत्र घडविण्यात होता. म्हणून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर हे पुढे त्यांचे खरे कार्य झाले आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. उणीव कळली तेव्हा तिच्याशी झुंजत न बसता ते आपल्या हातास साजेशा कामाकडे वळले, हे आपण ध्यानात घ्यावे.

आपल्या शेजारचे उदाहरण चितळ्यांचे. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली सांगली जिल्ह्यातील भिलवडीस दुधाचा धंदा आरंभिला. १९५० साली पुण्यात दुकान निघाले. पुढे काही बंधूंनी भिलवडीची बाजू सांभाळली आणि काहींनी पुण्याची. गोठा आणि गल्ला हे दोन निराळे स्वभाव मागतात. बाजीराव रस्त्यावरील त्यांचे दुकान दुपारी एक ते चार बंद राही, यावर उभ्या महाराष्ट्राने विनोद केले. परंतु दुधाच्या धंद्याचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो, हे विनोद करणारे विसरत. २०१७ साली ते दुकान दुपारीही उघडे ठेवण्यास आरंभ झाला. म्हणजे काम करणारे हात बदलले, परिस्थिती बदलली, की नियमही पुन्हा तपासून घ्यावयाचे असतात.

भगिनींसाठी घरचेच उदाहरण देतो. आपल्या पेठेत आज स्पर्धा परीक्षांची मुले गावोगावाहून येऊन राहतात. अभ्यासिका आणि खानावळी गल्लोगल्ली झाल्या आहेत. आमच्या एका भावजयीने चाळीस डबे सुरू केले. हातास चव उत्तम. परंतु रोज साडेबाराचा ठोका आणि महिनाअखेर मुलांकडे पैसे मागण्याचा संकोच यांनी ती दोन वर्षांत खंगली, आणि 'मला धंदा जमत नाही' असे म्हणून तिने चूल विझविली. वस्तुतः तिला धंदा जमत होता, डबा जमत नव्हता. आज ती भाजणी, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ आगाऊ मागणीप्रमाणे करून देते. पैसे आधी येतात, काम एकटीने पहाटे बसून करावयाचे असते, आणि मध्ये चार दिवस विसावा मिळतो. तिच्याच आळीतील दुसऱ्या एक बाई मात्र डब्यांवरच प्रसन्न आहेत. कोणत्या मुलाची कोणती परीक्षा कधी आहे, हे त्यांस तोंडपाठ असते.

तरुण मित्रांनी एक प्रयोग करावा. महिनाभर एक वही ठेवावी. एका बाजूस, कोणी न सांगता आपण जे काम आधी उरकले ते लिहावे. दुसऱ्या बाजूस, जे काम उद्यावर ढकलले ते लिहावे. महिन्याअखेर वही आपण होऊन बोलू लागेल. मग पाहावे : आपणास माणसांच्या गर्दीत उत्साह येतो की एकांतात? रोजचे थोडे थोडे काम झेपते की एकदम मोठे? तोंडी भाव ठरविता येतो की छापील दरपत्रक हवे? त्याप्रमाणे मालाचे स्वरूप, वेळ आणि देण्याघेण्याची रीत ठरवावी. जे आपणास जमत नाही पण धंद्यास अवश्य आहे, त्यासाठी भागीदार किंवा माणूस शोधावा.

मात्र स्वभावाच्या नावाखाली आळसास आश्रय देऊ नये. दिलेला शब्द पाळणे, हिशेब रोजचा रोज लिहिणे, माप पुरे देणे आणि गिऱ्हाइकाशी सभ्यपणे बोलणे या गोष्टी स्वभावावर सोडण्याच्या नव्हेत. तसेच ज्यास बाजारात मुळी मागणीच नाही, ते कितीही आवडले तरी त्यावर घर चालत नाही. आमच्या ग्रंथजुळणीस या पेठेत प्राध्यापक आणि प्रकाशक होते म्हणूनच ती तरली, हे आम्ही विसरलेलो नाही.

शेवटी मंडळाच्या चालकांस एक विनंती. निधीतून कर्ज देताना आपण जामीन कोण, जागा कोणती, नफा किती, हे विचारता. त्याबरोबर अर्जदारास एवढे विचारावे की, 'हे काम दहा वर्षे रोज सकाळी उठून करणे तुम्हांस रुचेल काय?' आणि आईबापांनी आपल्या मुलास अमक्याच्या मुलाने काय मांडले हे सांगण्यापूर्वी, त्याचा स्वतःचा हात कशावर स्थिरावतो ते पाहावे. आम्हांस हा प्रश्न १९७८ साली कोणी विचारला असता, तर एका घराच्या मंगलकार्यात आमच्यामुळे जो विक्षेप आला तो टळला असता.

मंडळाचे कर्ज फिटल्यानंतर पाटल्या सोडविण्यास आणखी एक वर्ष लागले. ज्यांच्या त्या, त्या आज आपल्यासमोर पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी तेव्हा विचारलेला प्रश्नच आम्ही आज आपणापुढे लांबवून मांडला.